मुले उठायच्या आत लिहिलेली कादंबरी

गेल्या महिन्यात आमच्या टपालात एक शंभर पानी वही आली. वहीला खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला. आत अर्धा मजकूर पेन्सिलीने, अर्धा दोन रंगांच्या शाईने. सोबत चिठ्ठी होती. "संपादक साहेब, जयभीम. मी चार घरची धुणीभांडी करते. दोन मुले शाळेत आहेत. आजोबांवर कादंबरी लिहायला घेतली, पण ती पुढे सरकत नाही. लिहिलेले पुन्हा वाचले की फाडून टाकावेसे वाटते. कादंबरी लिहिणारे लोक लिहितात तरी कधी, आणि लिहिलेले दुरुस्त कसे करतात?"

एरवी आम्ही 'प्रयत्न चालू ठेवा' असे दोन शब्द लिहून वही साभार परत करतो. या चिठ्ठीला तसे उत्तर देणे जमेना. कचेरीत विषय निघाला तेव्हा एकाने म्हटले, लेखकांना वेगळी खोली असते, टेबल असते, वेळेवर चहा आणून देणारे माणूस असते. दुसऱ्याने लगेच विचारले, मग आपल्या बेबीताई कांबळेंकडे यातले काय होते? फलटणच्या त्यांच्या छोट्या दुकानात, नवरा माल आणायला बाहेर पडला की त्या लिहीत आणि लिहिलेले घरातच दडवून ठेवीत. वीसेक वर्षे ते कागद दडलेलेच होते. 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन बाहेर आले १९८६ साली.

पण ते आत्मकथन. ताईंना लिहायची आहे कादंबरी, म्हणजे खऱ्या जगण्यातून रचलेली गोष्ट. त्यात काय ठेवायचे, काय गाळायचे, कोणाला किती बोलू द्यायचे, हे सगळे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणून आम्हाला आठवल्या त्या अमेरिकेच्या टोनी मॉरिसन. १९९३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. काळ्या अमेरिकेच्या लेखनाशी आपले नाते जुने आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी साठच्या दशकात औरंगाबादच्या तरुणांना त्या साहित्याची ओळख करून दिली आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी 'पँथर' हे नावही तिकडूनच घेतले. पण मॉरिसनबाई आठवल्या त्या नात्यामुळे नव्हे. त्या स्वतः कादंबरीकार होत्या आणि पोटासाठी दुसऱ्यांची पुस्तके संपादित करीत होत्या. लिहिणे आणि खोडणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करणारी माणसे थोडी. त्यांनी मुलाखतींतून, प्रस्तावनांतून आणि निबंधांतून या कामाविषयी पुष्कळ सांगून ठेवले आहे.

त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९३१ रोजी ओहायो राज्यातल्या लोरेन या पोलाद कारखान्यांच्या गावी झाला. मूळ नाव क्लोई वॉफर्ड. वडील जहाजे बांधण्याच्या कारखान्यात वेल्डर होते. एकदा त्यांच्या हातून लोखंडाचा एक सांधा इतका बिनचूक जुळला की त्यांनी त्यावर आपल्या नावाची खूण करून ठेवली. लेक म्हणाली, त्यावर तर दुसरा पत्रा बसणार, ती खूण दिसणार कोणाला? वडिलांनी उत्तर दिले, कोणाला न दिसो, मला तर ठाऊक आहे ना! लेकीने ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली. शाळकरी वयात ही लेक एका गोऱ्या बाईच्या घरी साफसफाईला जात असे. आठवड्याचे दोन डॉलर मिळत. त्यातला एक आईच्या हातावर ठेवायचा. वहीवाल्या ताईंनी ही ओळ मुद्दाम वाचावी.

पुढे त्या शिकल्या, प्राध्यापक झाल्या, लग्न झाले आणि १९६४ साली मोडलेही. तेव्हा एक मुलगा तीन वर्षांचा आणि दुसरा पोटात. १९६५ साली त्यांनी सिराक्यूज गावी पाठ्यपुस्तके काढणाऱ्या कंपनीत संपादकाची नोकरी धरली. गाव परके, हिवाळा कडक, ओळखीचे कोणी नाही. त्यांच्याजवळ एक जुनी गोष्ट पडून होती. वॉशिंग्टनला शिकवत असताना तिथे काही लिहिणारी मंडळी ठरावीक दिवशी जमत आणि आपापले लेखन वाचून दाखवीत. शाळेच्या वयातले जुने लेखन आणायचे नाही, असा नियम झाला तेव्हा बाईंनी घाईघाईने चार पाने लिहून नेली होती. विषय लहानपणच्या एका मैत्रिणीचा. ती काळी मुलगी म्हणाली होती, देव नाहीच, कारण दोन वर्षे प्रार्थना करूनही त्याने मला निळे डोळे दिले नाहीत. लहानग्या क्लोईने निळ्या डोळ्यांची ती मैत्रीण डोळ्यांपुढे आणून पाहिली आणि तिला शिसारी आली, रागही आला. सुंदर म्हणजे गोरे, हे त्या पोरीला शिकवले कोणी? आपल्याकडे स्थळ बघताना मुलीचा रंग आधी विचारला जातो, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

ती चार पाने सिराक्यूजला पुन्हा बाहेर निघाली. आधी बाई रात्री मुले झोपल्यावर लिहीत. मग ध्यानात आले की दिवसभराच्या कामानंतर डोके चालत नाही, पहाटे ते लख्ख असते. तेव्हापासून मुलांनी 'आई' म्हणून हाक मारायच्या आत, अंधारातच उठायचे, कॉफी करायची आणि उजाडताना बघत बसायचे. पिवळ्या कागदाचे पॅड आणि शिसपेन्सिल, एवढेच सामान. पुढे मुले मोठी झाली, पैसा आला, नोबेल आले, तरी उजाडण्याआधी उठण्याची सवय राहिली. नोकरीवर जाता-येताना, घरकाम करताना मनात गोष्ट घोळवायची आणि कागदाजवळ बसायचे ते काय लिहायचे ते ठरवूनच. कोऱ्या कागदाकडे बघत बसायला त्यांना वेळच नव्हता.

एकदा धाकटा मांडीवर असताना पॅडवरच ओकला. बाई वाक्याच्या मध्यावर होत्या. त्यांनी ती ओकारी पुसली नाही, तिला वळसा घालून वाक्य पुरे केले. पोर पुन्हा ओकेल, पण ते वाक्य पुन्हा येईलच असे नाही, असा त्यांचा हिशेब. आमच्या घरच्या बायकांना हे वाचून दाखवले तेव्हा त्या हसल्या. पुरुष मंडळींना ते किळसवाणे वाटले.

आणखी एक युक्ती बाईंनी सांगितली आहे. आपल्याला करावी लागणारी सगळी कामे त्यांनी कागदावर लिहून काढली. यादी लांबलचक झाली. मग स्वतःला विचारले, यातले काय केले नाही तर मी जगूच शकणार नाही? उरल्या दोनच गोष्टी. मुलांना वाढवणे आणि पुस्तके लिहिणे. बाकीचे त्यांनी होईल तसे होऊ दिले.

अशी ही पाच वर्षे. काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. शेवटी १९७० साली 'द ब्लूएस्ट आय' ही लहानशी कादंबरी निघाली. आपण ज्या कंपनीत नोकरी करतो तिथे बाईंनी याचा पत्ताही लागू दिला नव्हता. पुस्तकाचे फारसे स्वागत झाले नाही. त्याची नीट कदर व्हायला पाव शतक लागले असे त्यांनीच पुढे लिहिले.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लिहिलेले दुरुस्त कसे करायचे?

या पहिल्याच कादंबरीत बाईंनी एक धीट गोष्ट केली. त्या मुलीवर तिच्याच बापाकडून अत्याचार होतो, तिला दिवस जातात, हे सगळे पहिल्या पानावर सांगून टाकले. पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावरच तो मजकूर छापलेला होता, म्हणजे दुकानात पुस्तक हाती घेणाऱ्यालाही गोष्ट कळावी. आपल्याकडचे नवे लेखक शेवटच्या पानापर्यंत गुपित मुठीत धरून बसतात. काय झाले हे आधीच कळल्यावर वाचक पुढे वाचतो तो कसे झाले आणि कोणी होऊ दिले हे जाणून घ्यायला. आणि सांगायची ती कशी? शेजारणी कुंपणापाशी उभ्या राहून दबक्या आवाजात 'कुणाला सांगू नकोस हं' म्हणून सांगतात, तशी. त्या वस्तीतल्या बायकांच्या तोंडचा असाच एक बोल बाईंनी कथेच्या अगदी आरंभी वापरला. ऐकणारी बाई त्याच गल्लीतली आहे, हे तिथेच ठरून गेले.

दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मात्र त्यांच्याकडून एक चूक झाली. निदान त्या तिला चूक मानत. 'सुला' ही कादंबरी १९७३ साली आली. तिचा पहिला खर्डा पहिल्या महायुद्धातून डोके बिघडून परतलेल्या एका काळ्या सैनिकापासून सुरू होत होता. हा माणूस दरवर्षी ३ जानेवारीला गावात आत्महत्या दिन पाळतो. वस्तीतल्या लोकांना त्याची सवय होते. वाचकाला मात्र एकदम पुरात ढकलल्यासारखे झाले असते. तेव्हा बाईंनी पुढे काही पाने जोडली. टेकडीवर ही वस्ती होती, ती आता पाडून तिथे गोल्फचे मैदान होणार, ती अशी वसली, तिचे नाव असे पडले वगैरे. एखाद्या परक्या पाहुण्याला हाताला धरून आत न्यावे तसे. पुढे एका निबंधात त्यांनी लिहिले की ही पाने म्हणजे घराला काढलेली पाहुण्यांची ओसरी आहे, आणि तिची आपल्याला लाज वाटते. कारण ती ओसरी गोऱ्या वाचकासाठी होती. वस्तीतल्या माणसाला वस्ती कशी आहे हे कोण सांगत बसते? नंतरच्या पुस्तकांत त्यांनी अशी ओसरी बांधली नाही. 'बिलव्हेड'मध्ये तर पहिल्या ओळीपासून वाचक एका झपाटलेल्या घरात येऊन पडतो, जसे गुलाम म्हणून पकडून आणलेले लोक न सांगता न विचारता परक्या मुलखात येऊन पडले.

हे वाचताना आम्ही चपापलो. का, ते पुढे सांगतो.

'बिलव्हेड' १९८७ साली निघाली. तिचे बी नोकरीतच सापडले होते. रँडम हाऊस या मोठ्या कंपनीत असताना बाईंनी 'द ब्लॅक बुक' नावाचा एक ग्रंथ १९७४ साली काढला. त्यात काळ्या लोकांच्या तीन शतकांच्या जगण्याची कात्रणे, छायाचित्रे, जाहिराती एकत्र केल्या होत्या. त्या ढिगात मार्गारेट गार्नर या गुलाम बाईची बातमी होती. जानेवारी १८५६ मध्ये ती मुलांना घेऊन केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. मालकाची माणसे पकडायला आली तेव्हा लेकरू पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारले. बाईंनी या प्रसंगावर कादंबरी रचली, पण गार्नरच्या आयुष्याची फार माहिती मुद्दाम गोळा केली नाही. माहिती जास्त झाली तर आपली सेथ, म्हणजे कादंबरीतली आई, उभी राहायला जागा उरणार नाही, हे त्यांनी ओळखले. गुलामीची हत्यारे, शिक्षा, रोजचे व्यवहार यांची माहिती मात्र कसून मिळवली.

त्या हत्यारांतले एक होते गुलामाच्या तोंडात घालायचे लोखंडी लगाम. ते नेमके कसे होते, जीभ कशी दाबून धरी, हे सविस्तर लिहायचे बाईंच्या मनात होते. शोध घेता घेता त्यांना वाटू लागले की वर्णन केले तर वाचक त्या वस्तूकडे संग्रहालयातल्या वस्तूसारखा बघत राहील. ते कसे दिसत होते यापेक्षा ते तोंडात असताना माणसाला कसे वाटत होते, हे त्याला कळले पाहिजे. म्हणून कादंबरीत त्या लगामाचे मोजमाप नाही. पॉल डी नावाचा माणूस सांगतो तो एका कोंबड्याविषयी. याच्या तोंडात लोखंड, हात मागे बांधलेले, आणि समोर तो कोंबडा मोकळा, ऐटीत बसलेला. एका कोंबड्याइतकीही आपली किंमत नाही, हे त्या क्षणी त्याला समजले. रक्ताचा थेंब नाही, आणि वाचकाच्या घशाला कोरड पडते.

पुनर्लेखनाबद्दल त्या सांगत की आपण एखादे पान सहा-सात वेळा, तेरा वेळासुद्धा पुन्हा लिहिलेले आहे. पण सुधारणे वेगळे आणि चिवडणे वेगळे. पीठ मळता मळता सैल झाले की भाकरी थापता येत नाही, हे आपल्या बायकांना सांगायला नको. मजकूर जमतच नसेल आणि आपण तो नुसता चिवडत असू, तर तो टाकून द्यावा असे त्यांचे मत. तसेच पात्रांचे. पात्रे आपल्या मनाने वागतात, लेखकाच्या हातात काही नसते, असे पुष्कळ लेखक कौतुकाने सांगतात. बाईंना ते पटत नसे. १९७७ सालच्या 'साँग ऑफ सॉलोमन'मध्ये पायलट नावाची आत्या इतकी जबरदस्त झाली की सारे पुस्तक खाऊन टाकते की काय असे वाटू लागले. बाईंनी तिला गप्प केले. ती फार बोलत नाही, ते म्हणून. ही कादंबरी पुरुषांची होती, आणि पुरुषांचे मन कसे चालते ते बाईंना उमगेना. नुकतेच वडील वारले होते. त्या मनातल्या मनात वडिलांनाच विचारत, तुम्ही ओळखत होता ती माणसे कशी होती हो? पुस्तक त्यांनी वडिलांनाच अर्पण केले.

इतकी वर्षे दुसऱ्यांची हस्तलिखिते तपासूनही स्वतःच्या लेखनाला त्यांना संपादक लागेच. ते होते रॉबर्ट गॉटलिब. 'सुला' बिनचूक उतरली आहे, आता पुन्हा तसेच घट्ट लिहू नका, थोड्या मोकळ्या व्हा, असे त्यांनी सांगितले आणि पुढची कादंबरी खरोखर ऐसपैस झाली. स्वल्पविरामावरून मात्र दोघांचे भांडण. ते व्याकरणासाठी स्वल्पविराम घालीत, आणि बाई म्हणत, माझा स्वल्पविराम वाचणाऱ्याने श्वास घ्यावा म्हणून असतो. चांगला संपादक मिळाला तर भाग्य, वाईट मिळण्यापेक्षा एकटे बरे, असेही त्या म्हणत. आम्ही हे निमूटपणे नोंदवून घेतले आहे.

नोकरी त्यांनी १९८३ साली सोडली. तोवर चार कादंबऱ्या आल्या होत्या. १९८९ पासून त्या प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवीत. पोरांना सांगत, स्वतःचेच लिहू नका, तुम्हाला अजून काही ठाऊक नाही. सीमेवरच्या खाणावळीत वाढपीण असलेली, धड इंग्रजी न येणारी एखादी मेक्सिकन मुलगी डोळ्यांपुढे आणा आणि तिचे लिहा. हा सल्ला आमच्या गळी पूर्ण उतरत नाही. ज्यांचे अजून कोणी लिहिलेच नाही त्यांनी आधी स्वतःचे लिहिले तर काय बिघडले? पण ताईंना नातीच्या जागेवरून उठून आजोबांच्या जागी बसायचे आहे, तेव्हा त्यांच्या कामाचा तो आहे. ५ ऑगस्ट २०१९ रोजी बाई गेल्या, तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या.

आता वहीबद्दल. पान ७ वर ताईंनी लिहिले होते की त्या महिन्यात येसकरपाळी आजोबांवर आली. बस्स, एवढेच. आमच्यापैकी एकाने तिथे समासात दोन ओळी घातल्या होत्या. येसकर म्हणजे कोण, पाळी कशी फिरे, दारोदार भाकरी कशी मागावी लागे, सगळे समजावून सांगितले होते. पान ९, १२ आणि १५ वरही तसेच केले होते. आमचा वाचक कोण? ज्याच्या आजा-पणजाने ती पाळी केली तोच ना? मग आम्ही ही ओसरी कोणासाठी बांधत होतो? 'सुला'ची हकीकत वाचल्यावर आम्ही रबर घेऊन त्या ओळी पुसल्या. ताई, कागद तिथे थोडा खरडला गेला आहे, त्याबद्दल माफी असावी.

दुसरे असे की आजोबांना चावडीवर मारले तो प्रसंग तुम्ही पान ३१ ते ३३ असा तीन पाने लिहिला आहे. काठी कुठे कुठे बसली, रक्त कुठून आले, सारे आहे. वाचून वाईट वाटले, पण खरे सांगायचे तर मन थोडे दूरच राहिले. पान ३४ वर मात्र तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि तीही खोडली आहे. घरी आल्यावर आजोबांनी आधी काठीची घुंगरे पुसली आणि ती खुंटीला टांगली, मग पाणी मागितले. ती ओळ का खोडलीत? आम्हाला तर वाटते तीन पानांचा मार तीन ओळींत आणावा आणि गोष्ट घुंगरांपासून पुन्हा लिहून पाहावी. तुम्हाला पटले नाही तर तुमचेच खरे.

वही उद्याच्या टपालाने रजिस्टर करून पाठवीत आहोत. मागे वीस पाने कोरी उरली आहेत, म्हणून सोबत आणखी एक वही ठेवली आहे.